साहेबांकडची बाई

"तुमच्या त्या यंत्रांच्या बाजारात मला एकदा नेशील का रे, धाकट्या?"

वहिनीने हे विचारलं तेव्हा ती एका मिक्सरचं बूड उघडून बसली होती आणि तिने ओठांत दोन स्क्रू धरले होते. त्यामुळे पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. मग तिने स्क्रू हातात घेतले आणि पुन्हा विचारलं.

मी चाळिशीला टेकलो असलो तरी वहिनीसाठी मी अजून धाकटाच. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आईवडील आधीच गेलेले, घरात मी आणि दादा दोघेच. दादाचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता दादा मटकन खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. वहिनीच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. जो तो म्हणाला, दुकान विकून टाका. महिन्याभरात वहिनीने स्वतः शटर उघडलं. दादाच्या शेजारी बसून बसून तिने पंख्याची मोटर गुंडाळण्यापासून सगळं शिकून घेतलं होतं, हे तोवर आमच्या लक्षातही आलं नव्हतं. माझं उरलेलं शिक्षण त्या दुकानावर झालं. आज मी घरगुती उपकरणं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत खरेदी बघतो. पंखे, मिक्सर, झाडू मारणारी यंत्रं, कुठली दुकानात ठेवायची आणि कुठली नाही, हे मी ठरवतो.

वहिनी ज्याला बाजार म्हणत होती, ते प्रदर्शन दरवर्षी भरतं. सगळ्या जगातल्या कंपन्या नव्या वस्तू घेऊन येतात. मी दहा-बारा वर्षं जातोय, पण घरच्या कुणाला कधी नेलं नव्हतं.

"फार चालावं लागतं, वहिनी."

"मी काय लंगडी आहे?"

"गर्दी असते."

"बरंच आहे की. म्हणजे माझ्याकडे कुणी बघणार नाही."

आमच्या कंपनीला चार पास आले होते, त्यातला एक शिल्लक होता. तिच्या नावाने अर्ज भरताना कामाचा प्रकार निवडायचा होता. मी 'दुरुस्ती विभाग' निवडला. ती दुरुस्तीच करते ना, असं मी स्वतःला समजावलं. यादीत 'पाहुणे' हाही प्रकार होता, पण त्यात कुणाचे पाहुणे तेही लिहावं लागायचं. तो मी का निवडला नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. फक्त मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

त्या दिवशी वहिनी लग्नकार्यासाठी ठेवलेला निळा कोट घालून, केस चापूनचोपून बांधून तयार होती. दारावर पिशवी तपासली तर आत दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक टेस्टर निघाला. रखवालदाराने ते काढून घेतले.

"अहो, सवयीने टाकले गेले," ती त्याला म्हणाली. "जाताना आठवणीने द्या हं. दुसऱ्याच्या हाताला बसलेलं हत्यार मला चालत नाही."

रखवालदार हसला. मागे रांगेत उभे असलेलेही हसले. मी हसलो नाही.

आत शिरल्यावर मात्र ती बिचकली. छत इतकं उंच की वर बघताना मान दुखावी. पायाखाली गालिचा, चहूकडे भिंतीएवढे पडदे, आणि प्रत्येक पडद्यावर कुठला तरी समुद्र. मग हळूहळू तिची भीड चेपली. दूध संपलं की कळवणारा एक फ्रिज होता. तो बघून ती म्हणाली, "त्याला कशाला तसदी? पिशवी उचलली की आपल्याला कळतंच." बाळ रडलं की आपोआप हलणारा पाळणा होता. त्याच्यापुढे ती बराच वेळ उभी राहिली. "आणि बाळाला भूक लागली असेल तर?" तिने तिथल्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "ते मोबाइलवर कळतं, मॅडम." वहिनीने मान डोलावली, पण तिला काही ते पटलं नव्हतं.

आणि प्रत्येक दुकानाशी तिचा एकच प्रश्न: "हे उघडतं कुठून?"

बहुतेकांना प्रश्नच कळत नव्हता. एका तरुणाला कळला. तो म्हणाला, "उघडायची गरजच नाही. बिघडलं तर नवीन घ्यायचं."

"अरे वा! म्हणजे आमचं दुकान बंदच की," वहिनी मोठ्यांदा म्हणाली. बावीस वर्षं मोटारींच्या घरघरीवर बोलून बोलून तिचा आवाज चढलेला आहे. घरात आम्हाला ते जाणवतही नाही. तिथे चार माणसं वळून बघायला लागली. पहिल्या दोन-तीन वेळा मी कसनुसं हसलो. मग मी तिच्या दोन पावलं पुढून चालायला लागलो. आम्ही बरोबर आहोत हे बघणाऱ्याला कळू नये, इतकं अंतर. ते अंतर मी मोजूनमापून राखत होतो.

बारा वाजता माझी बैठक होती. फरशी झाडून पुसणारं, घरभर आपलं आपण फिरणारं यंत्र बनवणारी ती कंपनी होती. आमचे साहेबही येणार होते. मी वहिनीला म्हटलं, "तू इथेच बघत राहा. अर्ध्या तासात आलोच."

"जा रे तू निवांत. मला इथे महिनाभर ठेवलंस तरी माझा वेळ जाईल."

बैठकीची खोली काचेची होती. आत साहेब, त्या कंपनीचे विक्रीप्रमुख आणि मी. बोलणी रंगात आली होती, तेवढ्यात बाहेर पी-पी-पी असा कर्कश आवाज सुरू झाला. विक्रीप्रमुख उठून बाहेर गेले. त्यांच्यामागून साहेब, साहेबांमागून मी.

पांढऱ्याशुभ्र चौथऱ्यावर वहिनी गुडघे टेकून बसली होती. हातात ते यंत्र उताणं धरलेलं, चोरी होऊ नये म्हणून त्याला बांधलेली तार ताणली गेलेली, आणि त्या तारेमुळेच तो भोंगा वाजत होता. भोवती घोळका. दोघातिघांनी मोबाइल वर धरले होते. एक रखवालदार तिच्या डोक्याशी उभा होता.

"बाई, आधी ते खाली ठेवा."

"ठेवते हो. पण हे डावं चाक रडतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का? आत केस अडकलेत. दोन मिनिटांचं काम आहे. असंच फिरवत राहिलात तर संध्याकाळपर्यंत मोटर जळेल."

ती भांडत नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाला सांगते तसं समजावून सांगत होती. विक्रीप्रमुखांनी वाकून तिच्या गळ्यातला पास वाचला. त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं.

"तुमच्याकडच्या दिसतात," ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कोण रे ह्या?"

माझ्याकडे फार वेळ नव्हता. पण 'माझी वहिनी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढा नक्कीच होता.

"आपल्या दुरुस्ती विभागाला लागलं तर बोलावतो आपण यांना," मी म्हणालो. "रोजंदारीवर. मीच म्हटलं, येऊन बघू देत जरा."

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं पक्कं करावंसं वाटतं. मी वहिनीकडे वळून आवाज चढवला. "बाई, कशाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

वहिनीने मान वर केली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. भलत्याच नावाने कुणी हाक मारली की माणूस कसा गोंधळून बघतो, तशी ती बघत होती. मग तिला कळलं. कळलं ते मी पाहिलं. तिने यंत्र सुलटं करून जागेवर ठेवलं, एक हात गुडघ्यावर दाबून उठली. मी हात पुढे केला नाही.

"चुकलं, साहेब," ती मला म्हणाली. "मी बाहेर जाऊन थांबते."

भोंगा बंद झाला. घोळका पांगला. आम्ही पुन्हा काचेच्या खोलीत गेलो आणि बैठक आणखी दीड तास चालली. त्या दीड तासात मी एक विनोदही केला, आणि त्याला सगळे हसले.

बाहेर आलो तेव्हा वहिनी दाराजवळच्या बाकावर बसली होती. आपली हत्यारं परत घेऊन तिने पिशवीत ठेवली होती.

"झालं काम?"

"झालं."

"मग चल. पायाचे तुकडे पडलेत."

गाडीत ती पाळण्याबद्दल बोलत राहिली. पाळण्याची कल्पना वाईट नाही, पण मोटर खाली बसवायला हवी होती, म्हणाली. एका सिग्नलला मी धीर केला. "वहिनी, मघाशी मी..."

"हिरवा झाला बघ," ती म्हणाली. "मागचे ओरडतायत."

घरी माझी बायको आणि पुतणी वाटच बघत होत्या. वहिनीने सगळं प्रदर्शन त्यांच्यासमोर उभं केलं. फ्रिजची नक्कल केली, 'मोबाइलवर कळतं, मॅडम' म्हणणाऱ्या मुलीची नक्कल केली. पुतणी हसून हसून लोळायची बाकी होती. त्या सगळ्या वर्णनात मी कुठेकुठे होतो: मी गाडी चालवली, मी रस्ता दाखवला, माझी महत्त्वाची बैठक छान झाली. बाकी काही नव्हतं. मीही सगळ्यांबरोबर हसत होतो, आणि हसताना माझी कानशिलं तापली होती.

पुढचे काही दिवस मी रोज कामावरून परस्पर दुकानात जात राहिलो. वहिनी अगदी नेहमीसारखी वागत होती. तिने दोन शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो. ती विचारायची, "चहा टाकू का रे, धाकट्या?" आणि मी कप विसळायला उठायचो.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो असताना मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, वहिनी काय म्हणाली, शब्द न् शब्द. बोलता बोलता माझे डोळे भरून आले.

पुतणी माझ्याकडे बघत होती. तेवीस वर्षांची आहे ती, दिसायला थेट दादा. ती उठली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

आणि तेव्हा वहिनी चिडली. इतक्या वर्षांत मी तिला अशी चिडलेली पाहिली नव्हती.

"हे तिच्यासमोर बोलायची काय गरज होती? मी पोटात ठेवलं होतं ना? तिला बाप आठवतही नाही. बापाच्या जागी तिने तुला ठेवलंय. आता तुझं मन हलकं झालं, आणि तिचं काय?"

मला वाटत होतं की मी मोठं धाडस करतोय. खरं म्हणजे मला फक्त तो भार सहन होत नव्हता, म्हणून समोर दिसेल त्याच्या अंगावर मी तो टाकला होता.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. निदान तिथे तरी खरं सांगावं. "साहेब, त्या दिवशी यंत्र उताणं करून बसलेल्या बाई... त्या माझ्या वहिनी. मला वाढवलंय त्यांनी."

साहेबांना आठवायला थोडा वेळ लागला. "हां, त्या होय? अरे, मग ओळख करून द्यायची ना." त्यांनी समोरचा कागद उलटला. "बरं, ती यंत्रं कधी पोचतायत?"

एवढंच. ज्या माणसाला घाबरून मी तोंड फिरवलं, त्याला त्याचं काहीच नव्हतं. त्याने मला चार खडे बोल सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुतणी तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, कामापुरतं, नीट, हसूनसुद्धा. पण लहानपणापासून ती मला 'काका, तू' म्हणायची, त्याचं आता 'काका, तुम्ही' झालंय. बायको म्हणते, मोठी झाली, म्हणून मान देते. मी हो म्हणतो.

गेल्या महिन्यात एकदा दुकानात आम्ही दोघंच होतो. वहिनी एका इस्त्रीची वायर बदलत होती. मी विचारलं, "वहिनी, एक खरं सांग. तुला माझा राग नाही आला?"

तिने वायर ओढून बघितली, घट्ट बसल्याची खात्री केली.

"राग नाही आला," ती म्हणाली. "लाज वाटली. म्हटलं, आपण खरंच इतक्या गबाळ्या दिसतो का? त्या दिवशी घरी आल्यावर कोटसुद्धा काढला नाही मी. आधी बेसिनपाशी जाऊन नखं घासली. ब्रशने घासली. या धंद्याचं काळं असं निघत नाही, हे मला माहीत आहे. तरी घासत बसले."

माझी नजर तिच्या नखांकडे गेली.

"ती स्क्रूंची बरणी दे इकडे," ती म्हणाली. "आणि असा दारात बसू नकोस. उजेड अडतो."

मी बरणी दिली आणि उठून बाजूला झालो.