कमरेचा दोरा

"जराशी सरक ना वं बाई, दोन जनीस्नी जागा लिसन उभी शे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

दोघींची जागा अडवल्याचा तो टोमणा ऐकून पुष्पाबाईंनी पदर पोटावर ओढला आणि सरकल्यासारखं केलं.

सोनगीरच्या किल्ल्याखाली मांडव पडला होता आणि दोरेमहाराजांसाठी बायांची ही रांग. महाराजांची शिष्या बाईला पाटावर बसवी, बेंबीवरून काळा दोरा फिरवी आणि मापाला गाठ मारी. "शुगर म्हणजे पोटात वेटोळं घालून बसलेली नागीण, माई. आपण तिला हाकलू," महाराज म्हणत. मग राखेची फुंकर. बाईनं उभं राहून, दोन्ही हात वर करून, दम संपेपर्यंत ओंकार लावायचा. पुन्हा दोरा. आता तो वीतभर उरायचा, की रांगेतून जयजयकार.

"मात्र शुगरच्या गोळीनं दोरा बाटतो," महाराज बजावत.

पुष्पाबाईंना इथलं एक फार आवडलं होतं, इथे आकडा नव्हता. दवाखान्यात नर्सनं टेप लावून त्यांची कंबर मोठ्यानं वाचली, तेव्हा बाकावरच्या बाया पदराआड हसल्या होत्या. त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. अंगठ्याची जखम भरत नव्हती, तीसुद्धा मोज्यात लपवली.

सून दीपमाला धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासूचं लंगडणं बघून ती आज मागोमाग आली होती. पुष्पाबाईंचा दोरा वीतभर उरला, तशी ती पुढे झाली.

"आई, मघाशी बसला होतात तशा बसा बरं."

एवढ्या बायांदेखत? पुष्पाबाईंचे कान तापले. पण अंगठा ठणकत होता. त्या बसल्या. पोट मांडीवर उतरलं. दीपमालानं तोच दोरा बेंबीवरून नेला. तो बरोबर पहिल्या गाठीला येऊन टेकला.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"उभं राहिलं की वाढते आणि बसलं की कमी होते, अशी कशी श्रद्धा, महाराज?" ती रांगेकडे वळली. "हात वर करून श्वास सोडला की पोट आत जातं. त्यात महाराजांच्या या ताई दोरा हळूच फासळ्यांकडे सरकवतात. घरी करून बघा. कंबर मोजणं खोटं नाही. बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की साखरेचा, हृदयाचा धोका वाढतो, रक्त तपासून घ्यावं लागतं. टेप धोका सांगते. दोऱ्यानं तो जात नाही. आधी पडताळा, मग माना."

कुणी वर बघितलं नाही. जी ती आपला पदर सारखा करत होती.

पुष्पाबाई पाटावरून उठल्या नाहीत. त्यांनी मोजा काढला. अंगठा काळवंडला होता.

"मी शुगरन्या गोया बंद करेल शेतस," त्या म्हणाल्या. "महिना व्हई गया."

मग मघाशी पुटपुटलेली ती मागची बाई, खाली बघत, म्हणाली, "मीबी."