मारुतीरावांच्या बाराव्याचं प्रवचन

बाराव्याच्या प्रवचनाला शामूमहाराज पूर्वी आदल्या दिवशीच जायचे. सोप्यात बसून चहावर चहा घ्यायचे आणि गेलेल्या माणसाची माहिती काढायचे. माणूस चिक्कू असला तर 'काटकसरी' म्हणून जमेला धरायचे, भांडकुदळ असला तर 'सडेतोड' म्हणून. झिलई महाराजांची, पण माल त्या घरचाच.

आता सगळं बेळगावात बसूनच उरकायचं. जांबोटीच्या बसचा भरवसा नाही, हे कारण तयारच होतं. मारुतीरावांच्या मुलानं, समर्थनं, फोनवर माहिती पाठवली: भातशेती, गुरं, देवळाच्या कामात पुढं, मागं पत्नी जयाबाई, एक धाकटा भाऊ रवळू. महाराजांनी ती तशीच एआयला दिली आणि सांगितलं, 'ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिही.' त्यानं कसूर केली नाही.

मांडवात महाराज रंगात आले होते. "शेवटच्या दिवसांत मारुतीरावांचे डोळे दाराकडे लागले होते. पावलं वाजली की विचारायचे, माझा रवळू आला का?"

भावकीच्या लाजेखातर मागं येऊन बसलेला रवळू ताडकन उठला. शेताच्या वाटेवरून भावाभावांचं बोलणं तुटून वर्षं झाली होती. आजारपणात त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तोही फिरकला नव्हता.

"वैनी, अण्णा माझी वाट बघत हुता, आनि तुमी मला सादा निरोप धाडला न्हाय? काय वाकडं केलतं मी तुमचं?"

सगळ्या माना जयाबाईंकडे वळल्या. बायकांची कोपरं हलली, संकेश्वरहून जीपनं आलेल्या पाहुण्यांचीसुद्धा. जयाबाईंना नाव ठेवायला इतकी वर्षं जागा सापडली नव्हती, ती आज आयती मिळाली. जयाबाईंनी फक्त महाराजांकडे बघितलं. महाराजांनी उरलेलं प्रवचन गाळून आरती सुरू केली.

पंगत उठल्यावर जयाबाईंनी त्यांना गोठ्यापाशी गाठलं.

"महाराज, ह्ये तुमाला कुनी सांगितलं? समर्थनं?"

"न्हाय आक्का. ते... फोनमधल्या यंत्रानं लिहिलं."

"आलता व्हय त्यो फोन ह्यांच्या उशाला बसायला?"

महाराज उपरणं सावरू लागले.

"ह्ये काय म्हनालते सांगू? 'त्या रवळ्याला माझ्या मढ्याला बी हात लावू दिऊ नको.' भावजींच्या कानावर जाऊ नये म्हनून तोंड शिवून बसले मी. आता सारी भावकी मलाच दुष्ट ठरवून, जेवून, हात पुसून चालली."

महाराज तसेच रवळूच्या घराकडे निघाले. खरं सांगितलं तर आपलं नाव बुडतं, नाही सांगितलं तर बाईचं. हिशेब अवघड नव्हता, पण गल्ली संपेपर्यंत त्यांनी तो पुन्हा पुन्हा करून बघितला.

"रवळूआप्पा, ते वाट बघायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्रानं रचलं, मी वाचलं. आक्कांचा दोष नाही."

"मग अण्णा खरं काय म्हनाला?"

"ते मला ठाऊक नाही."

"वैनीला असंल की." रवळूनं चपला पायात सरकवल्या.

महाराजांनी त्याचा दंड धरला. बाईच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवायला आले आणि दुसरं चढवायला निघाले होते: जे ती लपवत होती, तेच आता तिला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं असतं. "बसा," ते म्हणाले, आणि मारुतीरावांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. या वेळी झिलई नव्हती.

रवळू ओट्यावर टेकला. "व्हय. असंच बोलायचा त्यो." मग म्हणाला, "मांडवातच वाटलंतं मला, आमचा अण्णा कवा इतका ग्वाड बोललाय? पर लई बरं वाटलं वो ऐकायला." त्यानं बाहीला डोळे पुसले. "चला. वैनीला भर मांडवात बोललो, भर मांडवातच माफी मागतो. तुमी बी माईकवर सांगा."

ते पोचले तेव्हा मांडव अर्धा उतरला होता. माईकवाल्याचा टेम्पो गेला होता. जयाबाई एकट्याच पत्रावळ्या गोळा करत होत्या. रवळू त्यांच्या पायाशी वाकला, त्यांनी त्याला उठवलं. महाराजांनी घसा साफ केला.

"आक्का, चूक माझी..."

"मला कशाला सांगताय? मला ठावंच हाय," जयाबाई म्हणाल्या. "ज्यांनी ऐकलं त्यास्नी सांगा."

समोर रिकाम्या सतरंज्या होत्या. संकेश्वरच्या पाहुण्यांची जीप केव्हाच रस्त्याला लागली होती, आणि तिच्यात विषय कुठला चालला असेल, ते सांगायला यंत्राची गरज नव्हती.