बँडवाल्याचा कोट

एडविन शिरसाठ शुगर फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झाले आणि महिनाभरात घरातली एकही वस्तू धड राहिली नाही. चांगला चालणारा मिक्सर त्यांनी 'जरा आवाज करतोय' म्हणून उघडला. पंखा उतरवला. कुकरच्या शिट्टीकडे हात गेला, तेव्हा मात्र बायकोने, स्टेलाने, तो हात वरच्यावर धरला.

"अहो, उद्यापासून माझ्याबरोबर दुकानात यायचं," ती म्हणाली. "शिवण शिकायची."

स्टेलाचं दुकान श्रीरामपुरात होतं, नाव 'नवंजुनं'. जुन्या साड्या, फाटक्या जीन्स, शिर्डीच्या हॉटेलांनी काढून टाकलेले पडदे, अशा कापडातून ती पिशव्या, उशा, गोधड्या करायची आणि दुपारी बायकांना शिवण, रफू शिकवायची. एडविन इतकी वर्षं त्याला चिंध्यांचं दुकान म्हणत आले होते. आता त्याच चिंध्यांच्या ढिगाशेजारी सतरंजीवर बसून ते कापडात सुई खुपसत होते.

"आवं भाऊ, ती सुई हाय, पहार न्हाई," शेजारी बसलेल्या बेलापूरच्या चांगुणाबाई म्हणाल्या. "लई जोर लावताय."

"मॅडम, या बोलतायत बघा," एडविननी तक्रार केली. दुकानात बायकोला मॅडम म्हणायचं, ही अट तिनेच घातली होती.

"बरोबर बोलतायत," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी हातातला रुमाल अंगावरच्या पँटलाच शिवून टाकला आणि चहाला उठले तेव्हा तो गुडघ्यावर लोंबकळत आला. चांगुणाबाईंना हसता हसता ठसका लागला. पण माणूस चिवट. हळूहळू टाके सरळ पडू लागले आणि पायमशीन तर त्यांच्या हाताखाली गुणी बैलासारखी चालायला लागली.

अशात गहिनीनाथ आले. बेलापूरच्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नांना डीजे आले आणि बँड मोडला. त्यांनी पिशवीतून लाल कोट काढला, सोनेरी गोंड्यांचा, पितळी बटणांचा.

"ह्याची उशी करा," ते म्हणाले. "पेटीत पडून कुजण्यापेक्षा बुडाखाली तरी येईल."

"घालत नाही का आता?" एडविननी विचारलं.

"घालायला बसतोय कुठं? पोट बघा की." गहिनीनाथ हसले, पण कोट टेबलावर ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ कॉलरवरच होता.

स्टेला पडदे आणायला शिर्डीला निघाली होती. "तेवढी उशी कापून ठेवा, शिवण मी आल्यावर बघते," ती सांगून गेली.

एडविननी कात्री घेतली. कोट पसरला. आतल्या अस्तरावर घामाचे डाग होते, खिशात वाळलेली तांदळाची अक्षत होती. कात्री उघडी धरून ते उभे राहिले.

"काय झालं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"कापवत नाही हो."

"मग नका कापू. पोट मोठं झालं तर कोट मोठा करा. आमी पोरींचे झंपर न्हाई का वाढवत?"

एडविनना ते पटलं. त्यांनी दोन्ही बाजूंची शिवण उसवली, ढिगातून मरून रंगाचा पडदा शोधला, त्याच्या लांब पट्ट्या कापून आत घातल्या आणि मशीनवर टिपा मारल्या. संध्याकाळी स्टेलाने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"गिऱ्हाइकाने उशी सांगितली होती ना?"

"हो, मॅडम."

"मग हे काय आहे?"

"मोठी उशी," एडविन म्हणाले. स्टेलाला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. "उद्या तुम्हीच सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथांनी कोट पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "मी उशी सांगितली होती. लोक हसतील मला. ह्या वयात मिरवू का?"

"हसले तर हसले," चांगुणाबाई म्हणाल्या. "एकदा घालून तर बघा."

त्यांनी बळेच कोट घातला. बटणं लागली! सगळी, वरपासून खालपर्यंत. गहिनीनाथ आरशासमोर ताठ उभे राहिले आणि नकळत दोन्ही हात क्लॅरिनेट धरल्यासारखे वर न्यायला गेले. डावा वर आला. उजवा कमरेपासून सुटेना. एडविननी बाही कोटाच्या बाजूलाच शिवून टाकली होती.

"शिरसाठ," गहिनीनाथ गंभीरपणे म्हणाले, "आता एका हाताने वाजवू काय?"

मग मात्र स्टेलालाही हसू आवरेना. कोट काढायला गेलं तर टीप ताणून कापड फाटेल, म्हणून गहिनीनाथ तसेच उभे राहिले आणि चांगुणाबाई ब्लेडने एकेक टाका सोडवत राहिल्या. "हलू न्हका, भाऊ, न्हाईतर तुमचीच उशी व्हईल." एडविन बाजूला दिवा धरून उभे होते, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे.

बाही सुटली. गहिनीनाथांनी दोन्ही हात उचलले, बोटं हवेत फिरवली. सूर कुठलाच नव्हता, पण बघणाऱ्यांना कळत होतं की मनात काहीतरी वाजतंय.

"कोट काढा, कागदात बांधून देऊ का?" स्टेलाने विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले आणि भर दुपारच्या उन्हात लाल कोट घालून बेलापूरच्या रिक्षात जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात दुकानात दोन अनोळखी माणसं आली. एक ढोलवाला, एक ट्रंपेटवाला. दोघांच्याही काखेत लाल कोट, दोघांचीही पोटं गहिनीनाथांच्या वरताण. बेलापुरात कुणाच्या तरी साखरपुड्याला गहिनीनाथांना धरून जुन्या बँडमधल्या या तिघांना वाजवायचं होतं.

"ते पडद्यावाले सर कुठं आहेत?" ढोलवाल्याने विचारलं.

स्टेलाने आत बोट दाखवलं. गळ्यात टेप अडकवून एडविन तोऱ्यात बाहेर आले, ढोलवाल्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळली आणि भुवया वर केल्या.

"श्वास सोडा," ते म्हणाले. "लाजू नका. खरं माप द्या."