धुराड्याची झडप

सकाळीच आमच्या घरात भांडण पेटलं. सेझिम, माझी धाकटी बहीण, दाराला गोचिडासारखी चिकटून बसली.

"मी न्हाई जायची! वर्गात डोकं ठणकतं माझं!"

"डोकं न्हाई, आळस ठणकतोय!" आपा, म्हणजे आमची आई, पीठ मळता मळता कडाडली. "मेरिम, ने गं हिला वढत."

आपाला आईपणापेक्षा लोकांची लाज मोठी. कालच पहिलीतली पोरं ओकली, तर बुर्मा एजेंनी, म्हणजे सेझिमच्या बाईंनी, त्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलेलं. गाव म्हणालं, दृष्ट लागली. आज शिपाई जुमाश आबा वर्गात आर्चाचा, म्हणजे डोंगरातल्या सुवासिक झुडपाच्या डहाळीचा, धूप फिरवणार होते.

बाहेर वारा मेलेला. घराघराचा धूर बर्फावर लोळत होता. शाळेच्या धुराड्यातून मात्र धुराचा धागाही नाही. वर्ग तापवायची चूल तर पहाटेच पेटलेली! सेझिमला तिच्या वर्गात सोडलं, पण पाय काही माझ्या वर्गाकडं वळेनात. मागं फिरून तिचं दार ढकललं.

खिडक्यांच्या फटीत नमदा, लोकरीचं जाड कापड, ठासलेला. आबा जळती डहाळी फिरवत होते. पोरं बाकावर माना टाकून.

"दार लाव, पोरी! ऊब जाती!"

"आबा, धुराड्याची झडप उघडा!"

"मला शिकीवती व्हय? तुझ्या बापाच्या येळेपासनं ही चूल मीच राखतोय. जाळ बसला की झडप लावायची."

"तवा गोवऱ्या हुत्या! औंदा दगडी कोळसा आलाय! त्याच्यावर निळी जीभ नाचतीय तवर झडप लावायची न्हाई, इखारी वायू आत कोंडतो, मामाच्या गावात पोरंसोरंबी जाणत्यात!"

"म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला लागतीस?" बुर्मा एजे ओरडल्या. "बापाला बोलवीन!"

"एजे..." थोरल्या बहिणीलाही आमच्यात एजेच म्हणतात; सेझिम मला हाक मारता मारता बाकावरून घसरली.

मग कसला बाप नि कसली लाज! कोळशाचं फावडं उचललं आणि हाणलं खिडकीवर. थंडी उधळलेल्या कळपासारखी आत घुसली. पोरांना धरधरून बर्फात ओढलं. ओरडणाऱ्या बुर्मा एजेही दोघांना काखेत मारून बाहेर धावल्या. सेझिम ओकली, मग भोकाड पसरलं तिनं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी गाव काय म्हणालं ठाऊक आहे? धुपानं दृष्ट उतरली! आणि आल्मासची थोरली पोर मेरिम काच फोडते, हिला सासर कुठलं मिळायचं!

रात्री म्हणे आणखी गारठा पडणार. म्हणजे उद्या जुमाश आबा ऊब राखायला पुन्हा झडप शोधणार.

शोधू देत. ती मी उपसून दप्तरात घातलीय. सेझिम झोपण्याआधी दप्तर हलवून बघते, आत लोखंड खणखणलं की म्हणते, "उद्या येते मी शाळेला."