शकूचा तळहात

भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राब वरून विझलेला दिसला तरी राखेखाली निखारे बराच वेळ धुमसत असतात. दहिवलीच्या इंदूबाईची सात वर्षांची शकू त्या राखेतून पळताना अडखळली आणि उजवा तळहात टेकून पडली.

हात उघडला की शकू किंचाळे, मूठ मिटली की तिला कमी दुखे. म्हणून इंदूबाईनं खोबरेल लावून मूठ मिटलेलीच फडक्यात बांधली. पोर झोपू लागली. फोड बसले, खपल्या गळाल्या, खाली गुलाबी कातडी आली. इंदूबाईनं गावदेवीला नारळ फोडला.

मग शकू हात उघडायला गेली. तो उघडेना.

कर्जतच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. भाजलेली जखम भरताना आपल्या कडा आत ओढून घेते. हात मिटलेला ठेवला, तर नवी कातडी मिटलेल्या हातापुरतीच येते, आणि पुढेही कित्येक महिने आक्रसत राहते. आता रोज कोमट पाण्यात हात भिजवायचा, तेल चोळायचं, बोटं हळूहळू ताणायची. कातडी कडक झाली, की ती कापून हात मोकळा करण्यावाचून इलाज नाही, आणि त्याचीही खात्री नाही.

तेव्हापासून चुलीवर पाणी चढलं की शकू बापामागे लपू लागली. हिरामणला ते बघवेना.

"ऱ्हाऊ दे गं. मुठीनंबी जगंल पोर."

"मुठीनं भाताची रोपं लावून आवणी करंल? का तुजी आय देनार हाय तिला जलमभर भाकऱ्या थापून?"

एकदा ताणताना करंगळीपाशी कातडी चिरली. रक्त बघून इंदूबाईचा धीर सुटला. चीर भरली, तरी तिला त्या हाताला हात लावता येईना. ती पाणी तापवी आणि तसंच निवू देई. तेवढ्या दिवसांत बोटं आणखी आत वळली. ती रात्रभर स्वतःला शिव्या देई, सकाळी पुन्हा हातपाय गाळून बसे.

शेवटी शकूच तिच्यासमोर येऊन बसली. मूठ तिच्या मांडीवर ठेवली.

"आये, मी सोड म्हनलं तरी सोडू नको."

इंदूबाईनं तेल घेतलं. शकूनं मान फिरवून डोळे मिटले. थोड्याच वेळात ती 'सोड' म्हणाली, मग ओरडून म्हणाली, मग पाया पडते म्हणाली.

इंदूबाई रडत होती. तिनं सोडलं नाही.