रेती धुण्याची काठवट

चष्म्याची काडी बदलायला हुडको कॉलनीत जाऊ, असं सांगून धोंडबाने बायकोला घराबाहेर काढलं. दुकानात पाच मिनिटांचं काम झालं. मग ऑटोकडे न जाता तो मागच्या गल्लीत वळला आणि एका घराच्या फाटकापाशी थांबला. पाटीवर लिहिलं होतं, ‘नदी का सोना : छोटा संग्रहालय’.

रुक्माने पाटी वाचली. “इथं कावून आनलं मले?”

“पाहू तर. आपल्याच तिकडचा मानूस हाय, केवलराम. चुनखडीच्या खदानीत सर्वेअर होता.”

रुक्मा सत्तरीची होती. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधल्या धोंडबाशी लग्न होऊन ती भिलाईला आली, त्याला एक्कावन्न वर्षं झाली. बाप मजुरी करायचा, एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर तिच्या माहेरचे लोक सोनझारी होते; पिढ्यान्‌पिढ्या नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढत. धोंडबाच्या शेतकरी घरात अशा लोकांना हलकं समजत. आधी भीतीने ती बोलली नाही. पुढे इतकी वर्षं लोटली की बोलायला तोंडच उरलं नाही.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. केवलरामने स्वतः नकाशे दाखवले, जुने फोटो दाखवले. तो सांगू लागला, एका पुरानंतर तिकडच्या नदीच्या वळणावर कुणाला तरी सोन्याचा खडा सापडला. बातमी पसरली आणि आजूबाजूच्या गावांतले लोक पेरणी टाकून तिथे धावले. झोपड्या उभ्या राहिल्या, चहाची दुकानं लागली. तीन महिन्यांत सगळे रिकाम्या हाताने परतले.

“पन जे आधीपासून तिथं रेती धुवत होते, त्याइचं काय झालं, हे मले कोनी सांगितलं नाही,” केवलराम म्हणाला.

रुक्मा पुढच्या टेबलापाशी गेली होती. तिथे एक उथळ लाकडी काठवट ठेवली होती. खाली चिठ्ठी होती, ‘आटा गूंथने की कठौती’.

“ही पिठाची नाही,” ती हळूच म्हणाली.

“मंग कायची हो, वहिनी?”

तिने काठवटीच्या कडेवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, “टपात पानी द्या. अन् बाहेर रेती पडली हाय, ते थोडी.”

अंगणात ती पदर खोचून बसली. काठवट पाण्यात टेकवून तिने मनगटं फिरवली. पांढरी रेती पाण्याबरोबर कडेवरून वाहून गेली, तळाशी काळी राहिली. गुडघे दुखत होते, पण हात कुठेच अडखळले नाहीत.

“सोनं असलं तर या काळ्या रेतीतच राह्यते,” ती म्हणाली. “ते झुंबड आली तवा मी नऊ वर्साची होती. लोकाइनं काठ खोदून टाकला. नंतर आमाले काहीच भेटलं नाही. बाबानं दोन पावसाळे वाट पाह्यली, मंग दुसऱ्याच्या वावरात मजुरीले गेला.”

केवलराम वही घेऊन खाली बसला होता. “त्याइचं नाव लिहू का इथं?”

रुक्माने पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“लिहा,” ती म्हणाली. “टिकाराम सोनझारी.”

गल्लीत आल्यावर तिने विचारलं, “राग आला तुमाले?”

“मले ठाऊक होतं,” धोंडबा म्हणाला. “लग्नाच्या आदल्या दिवशी तुह्या बाबानंच सांगितलं. म्हने, पोरगी लाजते, तू विचारजो नको.”

रुक्मा थांबली. “एक्कावन्न वर्सं?”

“शब्द देल्ला होता. अन् मले वाटे, तू आज सांगशील, उद्या सांगशील. आता घरात दोघंच राहिलो. तुह्या तोंडून आयकावं वाटलं.”

तिने डोळे पुसले. “तुमी आधीच बोलले असते तर माहेरची एखादी गोष्ट तरी सांगितली असती तुमाले.”

“मंग सांग ना.”

ऑटोत ती सांगत राहिली. नदीकाठची झोपडी, थंडीत बधिर होणारी बोटं, कण सापडला की बाबा तो आधी तिच्या तळहातावर ठेवायचे, ते सगळं.

घरी येताच तिने उतई गावी राहणाऱ्या लेकीला, सुनिताला, फोन लावला.

“सच में, आई? तू कधी बोललीच नाही.”

“आता बोलून राहिली ना,” रुक्मा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.