बुडवलेल्या जहाजावरून वर येताना

अख्ख्या पोशीर गावात नामाच्या जितेशसारखा पोहणारा नव्हता. आणि मेला तो पाण्यातच. काय म्हणावं या नशिबाला!

रसायनीच्या कारखान्यातल्या दोस्तांबरोबर तो मालवणकडे गेला होता. तिथं एक जुनं जहाज मुद्दाम समुद्रात बुडवून ठेवलंय, माशांना घर व्हावं म्हणून. आता त्याच्या लोखंडावर प्रवाळ धरलंय, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं ते बघायला खाली उतरतात. हौस हो, दुसरं काय.

जितेशला खाली नेणारी संध्या तेराव्याला घरी आली. यायला छाती लागते. जितेशच्या आईनं, सोनुबाईनं, तिला ओटीवर पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"माझ्या पोराला मारून तू वर आलीस कशी गं? उद्याच पोलिसात नाव देते तुझं."

शेवटी नामाच तिला विहिरीकडे घेऊन गेला.

"नक्की काय झालं, पोरी? त्याला पोहता येत नव्हतं असं सांगू नको."

"येत होतं, काका. जहाजाच्या दारातून एक मोठा मासा अचानक तोंडासमोर आला. जितेश घाबरला, सरळ वर सुटला. मी पाय धरला, तो त्यानं झटकला. टाकीतली हवा घेतली की वर येताना श्वास सोडत यायचं असतं. कोंडला तर हवा आत फुगते, फुप्फुस फाटतं. परत परत बजावलं होतं मी. तरी त्यानं कोंडला."

नामा विहिरीत वाकून बघू लागला. याच विहिरीत पाठीला डबा बांधून त्यानं पोराला ढकललं होतं आणि काठावरून ओरडला होता, "दम धर रं! डोकं वर येईस्तोवर सोडू नको." पोशीरची सगळी पोरं अशीच शिकतात, आणि विहिरीत ते बरोबरही आहे. जितेशनं घाबरल्यावर बापाचं ऐकलं, एवढंच.

संध्या गेली तरी सोनुबाईच्या शिव्या थांबेनात. नामाला गप्प बसता आलं असतं, कुणाला कळणार होतं? पण त्याला राहवेना.

"तिचा काय दोष नाय गं. दम धरायला मी शिकवलं त्याला. मीच मारला."

सोनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पदराला पुसले आणि मग बोलली.

"कशाला सांगितलंत? तिला शिव्या देत होते म्हणून माझा दिवस निघत होता. आता तुमाला देऊ? घरात दुसरं हाय कोण माझं?"